नागपूर सोडून हैदराबादला जाताना

प्रश्न: बदलीमुळे नागपूरहून हैदराबादला जातोय. कर जास्त बसेल का?

उत्तर: आयकर केंद्राचा, तो दोन्हीकडे सारखाच. व्यवसाय कर तुमच्या पगारावर इथे वर्षाला २५०० रुपये, तिथे २४००. त्या शंभरासाठी डोकं शिणवू नका. खरी मेख गाडीत आहे. एमएच-३१ ची कार तिकडे १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर नागपूर आरटीओची एनओसी, नवी नोंदणी आणि तेलंगणाचा रोड टॅक्स आलाच. इथल्या टॅक्सचा परतावा वेगळा अर्ज करून मागावा लागतो. चपला झिजवायची तयारी ठेवा. कंपनीची कार्यालयं चार किंवा अधिक राज्यांत असतील तर वाहन नोंदणीच्या बीएच मालिकेची चौकशी करा. आणि घरभाडं नागपुरातल्या मनीषनगरच्या हिशेबाने धरू नका, पगारवाढ मिळाली असली तरी ती हैदराबादच्या गच्चीबावलीतच जिरेल.