सिंहाशेजारचा अंगठा

आता दुकानाच्या गल्ल्यावर तू बसणार, तर ऐकून ठेव. रात्री हिशेब झाला की चिल्लर लगेच थैलीत ओतू नकोस. २००७ पासून काही वर्षं निघालेली हातवाली नाणी वेगळी काढ: रुपयावर वर केलेला अंगठा, दोनवर दोन बोटं. त्यांच्यावर मोकळी जागा भरपूर, आणि आपलं काम मोकळ्या जागेशीच.

टांकसाळीत कोरी चकती दोन डायांमध्ये, म्हणजे चित्र कोरलेल्या साच्यांमध्ये, येते नि दाब बसतो. चकती यायची चुकली की डाय डायवर आपटतो. एकाच्या चित्राची कड दुसऱ्यावर उमटते आणि पुढच्या नाण्यांवर येत राहते, कुणी तो डाय घासेपर्यंत किंवा बदलेपर्यंत. म्हणून अशी खूण असलेलं एक नाणं सापडलं तर त्याच सालाची, त्याच टांकसाळीची बाकीचीही चाळ. सालाखाली चौकट म्हणजे आपली मुंबई, चांदणी हैदराबाद, टिंब नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता.

ट्यूबलाइटखाली काही दिसायचं नाही. मोबाइलचा टॉर्च नाण्याच्या कडेला आडवा धर, नाणं हळूहळू फिरव, हातात दहापटीचं भिंग. सिंहाच्या बाजूला भलतीच रेष दिसली तर मागच्या बाजूचा फोटो काढून आरशासारखा उलटा कर नि ताडून बघ. अंगठा वरच राहील, फक्त डावं-उजवं बदलेल. जागा जुळली नाही तर तो नुसता ओरखडा.

लबाडही आहेत. दोन नाणी व्हाइसमध्ये आवळून ठसा पाडतात. तो आत दबलेला असतो. खऱ्या खुणेची रेष उठून असते. आणि सिंहाच्या अंगावरच चित्र चढलेलं दिसलं तर शंका घे. डायमध्ये सिंहाची जागा खोलगट, समोरचा डाय तिथे टेकतच नाही.

चिंच, पितांबरी अजिबात नको. घासलेल्या नाण्याकडे जाणकार बघतही नाही.

लाखाच्या गोष्टी मोबाइलवर येतील. अशा फिकट खुणेला लाख कोण देतोय! विकून देतो म्हणून आधी कमिशन मागणारा फोन आला तर ठेवून दे. रिझर्व्ह बँकेच्या नावानंही हे चाललं होतं. २०२१ मध्ये बँकेनंच जाहीर केलं की आम्ही असले व्यवहार करत नाही, कमिशनही घेत नाही.

सापडलं की कागदी पुडीत ठेव. वर साल, टांकसाळ आणि खूण कोणत्या बाजूला ते लिही. शाईपेनानं नको, पेन्सिलीनं.