चौदा आण्यांचा आंबा

कुणकेश्वरच्या कातळावरील बागांत फळ उतरविण्याजोगे झाले की नाही, हे आजही आण्यांत सांगतात. चौदा आणे तयार झालेला हापूस काढावा. सोळा आणे होऊ दिल्यास साका पडण्याचा धोका वाढतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस सुमारे ८५ टक्के पक्वतेची आहे. सोळांत चौदा म्हणजे साडेसत्याऐंशी टक्के!

इतिहासाच्या विद्यार्थ्याने ‘परंपरागत’ आणि ‘बाहेरचे’ हे शब्द जपून वापरावेत. हापूस हे नाव अफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीज गव्हर्नरावरून आले, असे मानले जाते. कलमे बांधण्याची विद्याही पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात रुजली आणि किनाऱ्याने वर सरकली. वाडवडिलांचे म्हणून आपण मिरवतो ते भेटकलम एके काळी परकेच होते. पुढे कोय कलम आले, तेही असेच आपले झाले. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने ‘रत्ना’ आणि ‘सिंधू’ या जाती दिल्या; बागायतदारांनी त्या पाहिल्या, काहींनी लावल्या, पण हापूस सोडला नाही. शेतकरी नवे नाकारतो, असे म्हणणाऱ्यांनी तो निवडतो कसा हेही पाहावे.

मात्र हे ज्ञान कोणाचे समजले जाते? जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात खोतीखाली राबणाऱ्या कुळाला जमीन उत्तम कळत होती. तिच्यात काय लावायचे, हे ठरविण्याचा अधिकार तेवढा नव्हता. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. प्रत्यक्ष कायदा १९४९ साली झाला. जमिनीचा प्रश्न तेथे पुष्कळ हलला. ज्ञानाचा तेवढा हलला नाही.

कल्टारचेच पाहा. एक वर्षाआड फळणारे झाड दरवर्षी मोहरावे म्हणून ते पावसाळ्यात मुळांशी देतात. मात्रा झाडाच्या विस्ताराच्या व्यासावरून ठरते. ती वारंवार जास्त झाली की झाड खुरटते. प्रशिक्षणाला सहसा मालक जातो, औषध ओततो गडी. कोणत्या झाडाची पालवी यंदा आखूड आली, हे आधी गड्याला दिसते. पण त्याला कोणी विचारले तरच ते मालकापर्यंत पोहोचते.

आता देवगड तालुक्यातील अनेक बागांत राखणीला आणि तोडणीला नेपाळी कामगार आहेत. आणा हे नाणे त्यांनी कधी हाताळलेले नाही. फळाचे खांदे भरले, देठाजवळ खळगा पडला की ‘चौदा आणे’, एवढे ते जुन्या गड्यांकडून शिकले. पुढच्या हंगामी गावाहून आलेल्या नव्या मुलाला तेच दाखवतात, बहुधा नेपाळीतून.