सामुदायिक शेतीचा वार्षिक हिशेब : कसा मांडावा, कसा वाचावा



शेतीचा हिशेब म्हटला की आपल्याकडे एकच प्रश्न विचारला जातो : "यंदा किती सुटले?" घरच्या शेतीत हा प्रश्न पुरेसा वाटतो, कारण नफा झाला तरी घरात आणि तोटा झाला तरी घरातच. परंतु दहा-वीस कुटुंबांनी मिळून जमीन कसायची ठरवली की या एका प्रश्नावर भागत नाही. तेथे पैसा अनेकांचा असतो, घाम अनेकांचा असतो आणि विश्वासही अनेकांचा असतो. असे उपक्रम पाऊस न पडल्याने जितके बंद पडतात, तितकेच हिशेब न कळल्यामुळे आणि त्यातून संशय निर्माण झाल्यामुळे बंद पडतात. म्हणून संस्थेच्या सभासदांनी व वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी हा विषय नीट अभ्यासावा, या हेतूने प्रस्तुत पाठ लिहिला आहे.

१. हा विषय आपला का आहे?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे केवळ एकरांवरून ठरत नाही, त्या जमिनीला भांडवलाची आणि श्रमाची जोड किती मिळते यावरून ठरते, असा त्यातील महत्त्वाचा विचार आहे. पुढे १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या मसुद्यात त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग असावा आणि गावकऱ्यांनी ती सामुदायिक पद्धतीने कसावी, अशी योजना मांडली. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह आपणास ठाऊक आहेत. त्यांच्याच नावाने २००४ साली महाराष्ट्र शासनाने योजना आणली. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन देण्याची तरतूद तिच्यात आहे.

जमीन मिळवण्याचा लढा हा पहिला भाग झाला. मिळालेली जमीन टिकवणे हा दुसरा भाग, आणि तो मोर्चाने साधत नाही, वहीने साधतो. एकरावरून जमिनीची किंमत कळत नसेल, तर भांडवल आणि श्रम किती लागले व त्यातून काय आले हे मोजणे भाग आहे. हे मोजमाप म्हणजेच वार्षिक हिशेब.

२. इंग्लंडमधील प्रघात

ब्रिटनमध्ये २००४ साली एक कायदा झाला आणि २००५ पासून 'कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी', म्हणजे समाजहितासाठी चालणारी कंपनी, हा नवा प्रकार सुरू झाला. तेथील कित्येक लहान शेतमळे या स्वरूपात चालतात. या कंपनीची तीन वैशिष्ट्ये लक्षात ठेवण्यासारखी आहेत.

पहिले, मालमत्तेला कुलूप. कंपनीची जमीन, अवजारे, शिल्लक ही समाजाच्या कामासाठी बांधलेली असते, ती संचालकांना किंवा सभासदांना वाटून घेता येत नाही. दुसरे, लाभांशावर मर्यादा. भागभांडवल असलेल्या कंपनीला वाटपयोग्य नफ्याच्या ३५ टक्क्यांपलीकडे लाभांश साधारणपणे देता येत नाही. तिसरे, दरवर्षी जमाखर्चासोबत आणखी एक अहवाल द्यावा लागतो. समाजासाठी काय केले, ज्यांच्यासाठी काम चालते त्यांना विचारले का, संचालकांना किती मोबदला दिला, या प्रश्नांची उत्तरे त्यात असतात व तो अहवाल कोणालाही पाहता येतो.

सहकारी वळणाचे उदाहरणही तेथे आहे. श्रॉपशायर परगण्यातील फोर्डहॉल हा मळा हातचा जाण्याच्या बेतात होता. कसणाऱ्या कुळाच्या घरातील भाऊ-बहिणीने २००६ साली लोकांना ५० पौंडांचे शेअर घेण्याचे आवाहन केले. सुमारे ८ हजार लोकांनी शेअर घेतले आणि जमीन समाजाच्या मालकीची झाली. या शेअरवर नफा मिळत नाही, आणि कितीही शेअर घेतले तरी सभासदाला मत एकच असते.

तेथेही लहान मळ्यांची ओढाताण आहेच. इंग्लंडमध्ये २०२३ पर्यंत चाललेल्या मूलभूत अनुदान योजनेत ५ हेक्टरांपेक्षा, म्हणजे सुमारे साडेबारा एकरांपेक्षा, लहान शेतीला अनुदान मिळत नसे. त्यामुळे असे मळे भाजीपाल्याची विक्री, सभासदांची आगाऊ वर्गणी, देणग्या आणि स्वयंसेवकांचे श्रम यांवर उभे राहिले. हे चित्र आपल्याला परके नाही.

३. एक उदाहरण सोडवू या

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे वळू. खालील आकडे केवळ शिकण्यासाठी घेतलेले आहेत. समजा, दहा कुटुंबांनी प्रत्येकी ५,००० रुपयांचे शेअर घेऊन खंडाच्या जमिनीवर सामुदायिक शेती सुरू केली. १ एप्रिल ते ३१ मार्च या पहिल्या वर्षाची रोकड वही अशी आहे :

जमा बाजू
सभासदांचे शेअर : ५०,००० रु.
भाजीपाला व धान्य विक्री : २,४०,००० रु.
देणगी : ३०,००० रु.
बँकेचे कर्ज : ८०,००० रु.
एकूण जमा : ४,००,००० रु.

खर्च बाजू
बियाणे, खते, औषधे : ६०,००० रु.
मजुरी : १,१०,००० रु.
नांगरट, वाहतूक व खंड : ४०,००० रु.
वीज, डिझेल, पाणीपट्टी : २०,००० रु.
पंप व ठिबक संच : १,००,००० रु.
कर्जावरील व्याज : ५,००० रु.
किरकोळ व कार्यालयीन : १५,००० रु.
एकूण खर्च : ३,५०,००० रु.

हातात शिल्लक राहिली ५०,००० रुपये. सभेत कोणीतरी उठून म्हणेल, "पन्नास हजार नफा झाला, प्रत्येक घराला पाच-पाच हजार वाटा." टाळ्याही पडतील. पण हा नफा आहे काय?

नाही. जमेतील शेअरचे ५०,००० हे सभासदांचे भांडवल आहे आणि कर्जाचे ८०,००० बँकेला परत करायचे आहेत. दोन्ही रकमा उत्पन्न नव्हेत. उलट बाजूला, पंप व ठिबक संच एका वर्षात संपत नाही. तो दहा वर्षे चालेल असे धरले तर यंदाच्या वाट्याला त्याची घट, म्हणजे घसारा, १०,००० रुपयेच येतो. शिवाय व्यापाऱ्याकडे १२,००० रुपये येणे आहेत आणि मजुरांचे ८,००० रुपये देणे आहेत. ते रोकड वहीत दिसत नाहीत, परंतु याच वर्षाचे आहेत. वर्षाअखेर माल शिल्लक नाही असे धरून उत्पन्न-खर्चाचा हिशेब असा होतो :

उत्पन्न : विक्री २,५२,००० + देणगी ३०,००० = २,८२,००० रु.
खर्च : बियाणे-खते ६०,००० + मजुरी १,१८,००० + नांगरट, वाहतूक, खंड ४०,००० + वीज-पाणी २०,००० + व्याज ५,००० + किरकोळ १५,००० + घसारा १०,००० = २,६८,००० रु.
वाढावा : १४,००० रु.

पन्नास हजारांचे चौदा हजार झाले. आता ताळेबंद मांडू.

मालमत्ता : रोख ५०,००० + येणे १२,००० + पंप व ठिबक (घसारा वजा जाता) ९०,००० = १,५२,००० रु.
देणी व भांडवल : बँक कर्ज ८०,००० + मजुरी देणे ८,००० + शेअर ५०,००० + वाढावा १४,००० = १,५२,००० रु.

दोन्ही बाजू जुळल्या. आता पाहा : देणी ८८,००० रुपयांची आणि हातात रोख ५०,०००. ते पन्नास हजार वाटून टाकले असते, तर आपण बँकेचा आणि मजुरांचाच पैसा वाटला असता. पुढच्या हंगामात कर्ज थकले असते आणि मग ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांनीच विचारले असते, "पैसा गेला कुठे?" पैसा कोणी खाल्लेला नसतो. तो आपणच सर्वांनी मिळून खाल्लेला असतो. परंतु हिशेब कळत नसला की खजिनदार चोर ठरतो, वाडा दुभंगतो आणि जमीन पडीक राहते.

४. आणखी तीन कसोट्या

वाढावा दिसला म्हणून शेती स्वतःच्या पायावर उभी राहिली, असे समजू नये. पुढील तीन प्रश्न दरवर्षी विचारावेत.

(अ) देणगी वजा केली तर काय उरते? वरील उदाहरणात १४,००० मधून ३०,००० वजा केले तर १६,००० रुपयांची तूट येते. देणगी घेण्यात कमीपणा नाही, परंतु तिच्याशिवाय आपण कोठे आहोत हे माहीत असले पाहिजे.

(आ) श्रमदानाची किंमत किती? समजा, सभासदांनी वर्षभरात २०० दिवस विनामजुरी काम केले आणि दिवसाची मजुरी ३०० रुपये धरली, तर ते ६०,००० रुपये होतात. तूट ७६,००० वर जाते. ही रक्कम जमाखर्चात घ्यावयाची नसली तरी अहवालात तिची नोंद अवश्य करावी. हे श्रम बहुतेक वेळा आपल्या आया-बहिणींचे असतात. ज्याची नोंद नाही ते काम झालेच नाही असे पुढे धरले जाते, हा आपल्या समाजाचा फार जुना अनुभव आहे.

(इ) आगाऊ घेतलेला पैसा कोणाचा? सभासदांनी पुढील हंगामाच्या भाजीसाठी मार्चमध्ये वर्गणी भरली, तर ती यंदाचे उत्पन्न नव्हे. भाजी पोहोचेपर्यंत ते देणेच समजावे.

५. तथागतांची शिकवण आणि हिशेब

धनाविषयी बोलणे म्हणजे धम्मापासून दूर जाणे, असा गैरसमज काही जणांचा असतो. अंगुत्तर निकायात कोलिय कुळातील दीघजाणू हा गृहस्थ भगवंतांना विचारतो की, आम्हा संसारी माणसांच्या हिताचे काही सांगावे. भगवंत त्याला चार संपदा सांगतात : उद्योगशीलता, मिळवलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत आणि समजीविता. समजीविता म्हणजे आय आणि व्यय ओळखून, तराजू धरणाऱ्याप्रमाणे तोल राखून जगणे. आय थोडी असताना जो उधळतो त्याला तेथे उंबर खाणाऱ्याची उपमा दिली आहे. गावाकडचा माणूस ही उपमा चटकन ओळखतो : खायची चार फळे, पण झाड हलवून सडा पाडायचा.

दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगासाठी, दोन उद्योगात घालण्यासाठी आणि चौथा आपत्काळासाठी राखून. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यानेही निव्वळ नफ्याचा किमान चौथा भाग राखीव निधीत टाकण्यास सांगितले आहे आणि लाभांशाला १५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. दोहोंचा उगम वेगळा, पण व्यवहाराचे शहाणपण एकच.

मालमत्तेच्या कुलपाचा विचारही आपल्याला नवा नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात संघाच्या पाच प्रकारच्या वस्तू सांगितल्या आहेत, ज्या कोणालाही देऊन टाकता येत नाहीत. आराम व त्याची जागा आणि विहार व त्याची जागा हे त्यांतील पहिले दोन प्रकार होत. संघ किंवा गण यांनासुद्धा त्या देऊन टाकण्याचा अधिकार नाही. कारण ती आज हजर असलेल्यांची मालमत्ता नसून उद्या येणाऱ्यांचीही असते. सामुदायिक जमिनीकडे याच दृष्टीने पाहावे.

६. काय करावे?

(१) पावतीशिवाय पैसा घेऊ नये, व्हाउचरशिवाय देऊ नये. (२) रोकड वही रोज लिहावी आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचून दाखवावी. (३) बँक खाते किमान दोघांच्या सहीने चालवावे. (४) वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत सर्वसाधारण सभा घेऊन रोकड हिशेब, उत्पन्न-खर्च पत्रक व ताळेबंद असे तिन्ही कागद सोप्या मराठीत ठेवावेत. (५) ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते आधी समजावून सांगावेत, मगच मत घ्यावे. (६) तोटा झाल्यास लपवू नये. सांगितलेला तोटा भरून काढता येतो, लपवलेला तोटा संस्था बुडवतो.

हिशेब मागणे म्हणजे कोणावर अविश्वास दाखवणे नव्हे, आणि हिशेब देणे म्हणजे कोणावर उपकार करणे नव्हे. दोन्ही सभासदत्वाचीच कर्तव्ये होत. ज्या समाजाला पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या वहीत अंगठा उमटवावा लागला, त्याने आज स्वतःची वही स्वतः लिहिणे ही साधी गोष्ट नाही.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास

१. वरील उदाहरणात पंप पाच वर्षेच चालेल असे धरल्यास वाढावा किती होईल?
२. व्यापाऱ्याकडील १२,००० रुपये बुडाले, तर ताळेबंदाच्या कोणत्या दोन रकमा बदलतील?
३. १४,००० रुपयांच्या वाढाव्यातून कायद्याप्रमाणे राखीव निधीत किमान किती टाकावे? आणि देणी लक्षात घेता उरलेली रक्कम वाटावी काय? आपले मत कारणांसह वहीत लिहा आणि सभेत मांडा.

जय भीम! नमो बुद्धाय!