विद्यार्थ्यांचे संशोधन आणि गावचा निसर्ग
वालावलच्या काठावरून काही विचार

कुडाळहून वालावलला जाणाऱ्या पाहुण्यास प्रथम दर्शन घडते ते श्रीलक्ष्मीनारायणाच्या देवालयाचे आणि त्यास लागून असलेल्या तलावाचे. माडांच्या छायेतून थोडे पुढे गेले की कर्ली नदी लागते. सह्याद्रीतून उतरलेली ही नदी येथे खाडीचे रूप धारण करते व पुढे देवबागजवळ समुद्रास मिळते. तलावाचे गोडे पाणी आणि खाडीचे मचूळ पाणी अशी दोन पाणी एकाच गावाच्या वाट्यास आली असल्यामुळे येथील वनस्पती, मासे आणि पक्षी यांत मोठी विविधता आहे. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यास अभ्यासासाठी याहून सोयीचे ठिकाण शोधावे लागू नये.

अशा गावांत विद्यार्थी येतात, प्रश्न विचारतात, छायाचित्रे घेतात आणि परत जातात. त्यांचा प्रबंध महाविद्यालयाच्या कपाटात जातो. ज्यांनी माहिती दिली, त्या माणसांपर्यंत मात्र त्याचे एक पानही बहुधा येत नाही. विद्यार्थ्याने जमविलेले ज्ञान गावास परत कसे द्यावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. शिक्षक व पंचायत सदस्य या दोघांनी मनावर घेतल्यास हे काम फारसे अवघड नाही.

कायद्याने या कामास आधार दिलेला आहे. १९९२ साली रिओ येथे झालेल्या जैवविविधता करारानंतर भारताने २००२ साली जैविक विविधता अधिनियम केला. त्याच्या ४१ व्या कलमान्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची आहे. गावातील लोकांशी विचारविनिमय करून लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे, हे या समितीचे मुख्य काम ठरविण्यात आले. महाराष्ट्राचे नियम २००८ साली झाले आणि राज्य जैवविविधता मंडळ २०१२ साली नागपूर येथे स्थापन झाले. पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने नोंदवह्या पूर्ण करण्यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली. मुदतीच्या घाईत केलेले काम सर्वत्र सारख्या प्रतीचे होत नाही, हे अधिकारी वाचकांस वेगळे सांगावयास नको. सुदैवाने ही वही एकदा लिहून मिटावयाची नाही, तीत वेळोवेळी भर घालावयाची असते. विद्यार्थ्यांचा उपयोग येथेच आहे.

या कल्पनेच्या आरंभी विद्यार्थीच होते, ही गोष्ट थोडी विस्मरणात गेली आहे. डॉ. माधव गाडगीळ व त्यांचे सहकारी यांनी १९९६ ते १९९८ या काळात देशातील आठ राज्यांत मिळून ५२ ठिकाणी अशा नोंदी करवून घेतल्या. महाविद्यालयीन शिक्षक, त्यांचे विद्यार्थी, स्वयंसेवी कार्यकर्ते आणि गावकरी यांनी ते काम केले. कायदा त्यानंतर आला.

शब्दांची अडचण

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने खाडीकाठच्या गावांसाठी एक माहितीपत्रक लिहिले. त्यात सर्वत्र ‘खारफुटी’ हा शब्द वापरला होता आणि ‘परिसंस्था’ हा शब्द, आता मोजतो तेव्हा लाज वाटते, नऊ वेळा आला होता. पत्रक वाचून झाल्यावर एका वृद्ध मच्छीमाराने नम्रपणे विचारले, “साहेबानू, ही खारफुटी आमच्या हय खंय आसा?” तो बसला होता त्याच्या मागे दहा हातांवर कांदळ उभे होते. ‘कांदळ’ म्हटले असते तर एका शब्दात काम झाले असते. शिवाय त्याच्या लेखी कांदळ वेगळा, तिवर वेगळा, चिपी वेगळी. आपण ज्यास एकच नाव दिले, त्यात त्याला अनेक झाडे दिसत होती. अज्ञान कोणाचे, हे त्या दिवशी स्पष्ट झाले.

स्थानिक नाव हे नोंदीचे पहिले साधन आहे. रायगडात ज्यास जिताडा म्हणतात, तोच मासा गोव्यात चोणक होतो. विद्यार्थ्याने केवळ शास्त्रीय नाव लिहिले तर गावास ते वाचता येत नाही, आणि केवळ स्थानिक नाव लिहिले तर शेजारच्या जिल्ह्यास त्याचा उपयोग नाही. दोन्ही नावे शेजारी शेजारी लिहावीत, आणि नाव कोणत्या वाडीत मिळाले तेही लिहावे.

भरतीचा आडाखा

निसर्ग आणि माणूस यांचे नाते, असे मोघम शीर्षक घेऊन विद्यार्थी येतो तेव्हा त्याने काय विचारावे हे त्यासच ठाऊक नसते. त्यासाठी एक उदाहरण देतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, असा आडाखा कोकण किनाऱ्यावर जुन्या लोकांत आहे. चतुर्थीस तीन वाजता भरती, अष्टमीस सहा वाजता. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. मुळे आणि खुबे काढणाऱ्या स्त्रियांचे दिवसाचे सारे वेळापत्रक यावर चालते, कारण सुकतीला उघडे पडणारे पात्र हेच त्यांचे शेत.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येतो, म्हणून भरतीही तितकीच पुढे सरकते. आडाखा ४५ मिनिटे धरतो. ही थोडी थोडी तूट पंधरवड्यात साठत जाते. अनुभवी माणूस ती कशी भरून काढतो? समुद्रापासून आत असलेल्या वालावलला पाणी किनाऱ्यापेक्षा उशिरा चढते. तो उशीर किती? घड्याळ, एक खुणेची काठी आणि एक महिना एवढ्या साहित्यावर अकरावीचा विद्यार्थीही हे मोजू शकेल. त्याने आपला तक्ता त्या स्त्रियांपुढे मांडला, तर त्या आपल्या अनुभवाशी तो ताडून पाहतील आणि चूक असल्यास सांगतील. अभ्यासाचे निवेदन याहून चांगले दुसरे कोणते? मग त्याच बैठकीत पुढचा प्रश्न सहज निघतो: पूर्वी कोणत्या महिन्यात किती टोपल्या निघत, आज किती निघतात, आणि वाळूउपशाचा त्याशी काही संबंध आहे काय? या प्रश्नाचे उत्तर गावातील सर्वांस सारखेच रुचेल असे नाही. म्हणूनच ते ऐकीव नसावे, मोजलेले असावे.

शाळा-महाविद्यालयांस यासाठी नवा विषय काढावयास नको. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीस्तरावर लागू केलेल्या पर्यावरण अभ्यासक्रमात १०० पैकी २५ गुण क्षेत्रकार्यास ठेवले होते. राज्यात २०१९-२० पासून अकरावीस आलेल्या ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ या विषयात प्रकल्प आहे. कृषी शाखेच्या विद्यार्थ्यांस ग्रामीण कार्यानुभवासाठी खेड्यात राहावेच लागते. ही मुले गावास प्रात्यक्षिके दाखवितात, ते योग्यच आहे; पण निम्मा वेळ त्यांनी ऐकण्यात घालवावा.

लिहावे किती, सांगावे किती

१९९५ साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर एकस्व दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द करविले. हळदीचा उपयोग आपल्याकडे घराघरांत ठाऊक; पण तेथे पुरावा लागला तो लिखित. लिहून ठेवल्याचा हा लाभ. दुसरी बाजूही आहे. एखाद्या वैदूने विश्वासाने सांगितलेली मुळी छापील प्रबंधात ठिकाणासह गेली, तर पुढच्या पावसाळ्यात ती उपटून नेणारे कोणी येणार नाही याची हमी कोण देणार? म्हणून सांगणाऱ्याची संमती घेणे, त्याने ‘हे लिहू नका’ म्हटल्यास न लिहिणे आणि दुर्मीळ वनस्पतीची नेमकी जागा समितीपुरती ठेवणे, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यास आरंभीच बजावले पाहिजे.

आपल्याच जिल्ह्यात याची चांगली उदाहरणे आहेत. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथील देवराईत असलेली जायफळाच्या कुळातील वृक्षांची दलदल २०१८ साली शास्त्रीय नियतकालिकातून जगापुढे आली. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडातील लहानशा माशाचे नवी जाती म्हणून वर्णन २०२० साली झाले. दोन्ही स्थळांना पुढे जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. दोन्हीकडे देवस्थानाच्या आश्रयाने ती जागा आधीच टिकून होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. संशोधकाने तिचे मोल बाहेरच्यांस सांगितले.

ग्रामसभेपुढे कसे मांडावे याबद्दल दोन शब्द. २०१० साली नेमलेल्या पश्चिम घाट समितीचा शेकडो पृष्ठांचा अहवाल इंग्रजीत होता. गावोगाव तो ऐकीव रूपातच पोहोचला आणि त्यातून अनेक गैरसमज वाढले. तरीही जिल्ह्यातील सावंतवाडी-दोडामार्ग भागातील २५ गावांच्या ग्रामसभांनी आपला परिसर संवेदनशील क्षेत्रात घ्यावा असे ठराव केले होते. विषय समजला की लोक निर्णय घेतात. विद्यार्थ्याने एक पान मराठीत लिहावे, आकडे थोडे ठेवावेत, नकाशावर वाड्यांची नावे घालावीत आणि ते स्वतः वाचून दाखवावे. दशावताराच्या या मुलखात नाटकाचा मोह होईल. तो आवरावा असे नाही, मात्र संकासुराच्या तोंडी जैवविविधतेची व्याख्या घालू नये. प्रेक्षक हसतील आणि व्याख्या तेवढी राहून जाईल.

वेळेचा मेळ असा बसतो. दिवाळीच्या सुटीत नोंदी घ्याव्यात, डिसेंबरात शिक्षकांनी तपासाव्यात आणि २६ जानेवारीच्या सुमारास होणाऱ्या ग्रामसभेच्या कार्यसूचीत ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी विषय आधीच घालून ठेवावा. वाचनाच्या वेळी विद्यार्थ्याजवळ एक कोरा कागद असावा. सभेतून ज्या दुरुस्त्या येतील त्या त्याच वेळी, सांगणाऱ्याच्या नावासह त्यावर उतरवून घ्याव्यात आणि तो कागद नोंदवहीस जोडावा.