भाकरीतली साखर

ज्वारीच्या भाकरीचा एक तुकडा तोंडात घ्या. सोबत भाजी नको, वरण नको, ठेचा तर नकोच. नुसता तुकडा. तो गिळू नका. सावकाश चावत राहा. चांगला पन्नास वेळा चावा. काय झाले? तुकडा गोडसर लागू लागला. आपण त्यात गूळ तर घातला नव्हता. मग ही गोडी आली कोठून?

ती भाकरीतच होती. ज्वारी, गहू, तांदूळ, बटाटा, साबुदाणा या सर्वांत पिष्ट असते. पिष्ट म्हणजे साखरेच्या बारीक मण्यांची लांबच लांब माळ. माळ अखंड असते तोवर जिभेला गोडी कळत नाही. आपल्या लाळेत एक पाचक द्रव्य असते. ते माळ तोडू लागते आणि मग गोडी कळते. पिष्ट आणि साखर यांना मिळून कर्बोदके म्हणतात. शब्द अवघड आहे, पण वस्तू रोजच्या ताटातली आहे.

आमच्या मोर्शीकडे पुष्कळ लोक विचारतात, "गुरुजी, चहातली साखर बंद केली, गोडाले हात लावत नाही. मंग शुगर काहून वाढते?" भाऊ, चहातली साखर दोन चमचे. ताटातला भात किती?

घास पोटात गेला की तेथील आंबट रसाने लाळेचे काम थांबते. पुढे लहान आतडे लागते. पोटाच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी आहे. तिचा रस आतड्यात येतो. तो उरलेली माळ तोडतो. शेवटी एकेक मणी सुटा होतो. या मण्याचे नाव ग्लुकोज. ते आतड्यातून रक्तात जाते. पोळी खा की भात खा, पिष्टाचे शेवटी ग्लुकोजच होते.

ग्लुकोज हे शरीराचे जळण आहे. वखर हाकणारा हात त्यावर चालतो. आपला मेंदू एकटाच दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज जाळतो. पण गंमत अशी की, निरोगी माणसाच्या साऱ्या रक्तात एका वेळी ते जेमतेम एक लहान चमचाभर असते. मग जेवणानंतर आलेले बाकीचे जाते कोठे? ते कणगीत जाते. शरीराला दोन कणग्या आहेत. एक यकृत, त्यात सुमारे १०० ग्रॅम मावते. दुसरी म्हणजे आपले स्नायू. त्यांत याच्या तीन-चार पट मावते. दोन्ही भरल्या की उरलेल्याची चरबी होते.

कणगीचे दार उघडते इन्सुलिनमुळे. हे द्रव्यही स्वादुपिंडच तयार करते. ते कमी पडले, किंवा दार त्याला जुमानेनासे झाले, म्हणजे साखर रक्तातच साचते. हाच मधुमेह. १९२१ साली कॅनडात टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले. जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम एका मुलाला टोचले. त्यापूर्वी ज्या मुलांच्या अंगात इन्सुलिन बनत नसे, ती फार दिवस जगत नसत.

"मी तर लुकडा आहे, मला कशाची शुगर?" असे म्हणून तपासणी टाळू नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच मोजणी छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९ टक्के, आणि याज्ञिक यांच्या अंगात २१ टक्के! आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसातही स्नायू कमी व चरबी जास्त असू शकते. म्हणजे कणगी लहान. सकाळी उपाशीपोटी साखर १२६ किंवा वर निघाली तर डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घ्यावे.

आता ताट पाहू. पूर्वी वऱ्हाडात ज्वारी घरची असे. आता शेतात कपाशी, सोयाबीन आणि संत्रा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने बहुतेक कार्डांवर माणशी महिना ५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. त्यात मुख्यतः गहू आणि तांदूळ. या धान्याने कितीक घरांची चूल पेटती ठेवली, त्याला नावे ठेवू नयेत. पण सडलेल्या पांढऱ्या तांदळात कोंडा राहत नाही. कोंडा नसला की साखर रक्तात भरभर चढते. तोच भात कमी घेऊन वर तुरीचे घट्ट वरण, अंबाडीची भाजी, मूठभर हरभरे घेतले तर साखर हळू चढते. ज्वारी बरी, कारण तिच्यात चोथा आहे; म्हणून पाच भाकरी खाव्यात असे नाही. शंभर ग्रॅम ज्वारीतही ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके आहेतच. संत्रे फोडी करून खावे. रस काढला की चोथा गाळणीत राहतो आणि साखर पेल्यात येते.

काही जण उलट करतात. भाकरी-भात एकदम बंद! मग जळण कमी पडते. शरीर स्नायू मोडून त्याचे ग्लुकोज करू लागते. कष्टकऱ्याला, वाढत्या लेकराला आणि गरोदर बाईला हे परवडत नाही.

एकादशीचे तर काही विचारू नका. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीचे दोन ताट खाऊन त्याला उपवास म्हणायचे, ही आपलीच युक्ती! पण मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने खरोखर उपाशी राहणे याहून धोक्याचे. औषध साखर उतरवते आणि पोटातून नवी येत नाही. घाम सुटतो, हात कापतात, माणूस बरळू लागतो. घरचे म्हणतात, अंगात आले. अंगात काही आलेले नसते, साखर उतरलेली असते. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच पाजावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच द्यावी. बरे वाटले की भाकरी-वरण खाऊ घालावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर निजवावे आणि १०८ ला फोन लावावा.