ट्रकच्या इंजिनातील टिकटिक कशी शोधावी?

व्यापारी माणसाचा ट्रक हा त्याच्या दुकानाचाच एक भाग असतो. दुकानाला कुलूप लागले तर दिवसाचा गल्ला बुडतो आणि ट्रक गॅरेजमध्ये उभा राहिला तर माल, वायदा आणि गिऱ्हाईक तिन्ही अडकतात. तरीही आपण कापडाचा पन्ना, वजन आणि सूत बोटांनी चाचपून पारखतो, पण इंजिनाच्या बाबतीत मिस्त्री म्हणेल ते खरे मानून पैसे मोजतो. म्हणून आज इंजिनातील टिकटिक या एकाच बिघाडाचा सबक पाहू. हा बिघाड लहान दिसतो, पण अंदाजाने दुरुस्ती केली तर खिसा रिकामा करतो.

गोष्ट २००६ सालची आहे. आमचा सहा सिलिंडरचा डिझेल ट्रक मालेगावहून कोरे कापड घेऊन भिवंडीला जात असे आणि परतताना सूत आणत असे. एके दिवशी ड्रायव्हर चाचा म्हणाले, "शेठ, इंजिन टिकटिक करतंय. घाटात चढतं बरोबर, पण आवाज जात नाही." पहिल्या मिस्त्रीने टॅपेट बांधले. आठवडाभराने आवाज तसाच. दुसऱ्याने नोझल बदलले, पंप उतरवून तपासला. आवाज तसाच. तिसरा म्हणाला, "पूर्ण इंजिन खोलावं लागेल." मला राग आला आणि तो राग मी चाचांवर काढला. गाडी बेफिकिरीने चालवली, डिझेलमध्ये भेसळ होऊ दिली, असे आरोप करून मी त्यांचा दोन महिन्यांचा भत्ता अडवला. ते काही बोलले नाहीत. शेवटी त्यांनीच मला त्यांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडे नेले.

आधी ऐका, मग पाना उचला

उस्तादांनी पाना हातात घेतला नाही. त्यांनी आधी प्रश्न विचारले. आवाज थंड इंजिनात जास्त की गरम इंजिनात? रिकाम्या गाडीत की भरलेल्या? रेस दिली की वाढतो की त्याच लयीत राहतो? तेलाचा दाब बरोबर आहे का? मला एकाचेही उत्तर देता आले नाही. चाचांनी सगळी उत्तरे दिली. आवाज थंड-गरम दोन्हींत सारखा, भार पडला तरी तोच, रेसबरोबर फक्त जलद होतो.

ही उत्तरे का लागतात, ते समजून घेऊ. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट एकदा फिरतो. म्हणून इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर आयडल असेल, तर एक व्हॉल्व्ह मिनिटाला ३०० वेळा, म्हणजे सेकंदाला ५ वेळा उघडतो. एकाच टॅपेटची टिकटिक या अर्ध्या चालीने येते. नोझलचा आवाज आणि एका सिलिंडरच्या एक्झॉस्टची गळतीही याच चालीने येते. बेअरिंगचा ठोका मात्र जड, खोल आणि भार पडल्यावर वाढणारा असतो. तसा ठोका ऐकू आला किंवा तेलाचा दाब कमी दिसला, तर गाडी तिथेच बंद करावी. पुढची खेप करण्याच्या लोभात क्रँक जातो.

स्वस्तापासून महागाकडे

उस्तादांचा क्रम असा होता.

१) बाहेरच्या वस्तू. नोझलच्या पाइपांच्या ढिल्या क्लिपा, थरथरणारे पत्रे, सैल बोल्ट हाताने दाबून पाहावेत. दाबल्यावर आवाज थांबला तर काम तिथेच संपले. मात्र फिरता पंखा आणि पट्ट्यापासून हात आणि बाही दूर ठेवावी.

२) पट्ट्यावर चालणाऱ्या वस्तू. इंजिन बंद करून पंख्याचा पट्टा उतरवावा आणि इंजिन जेमतेम मिनिटभर चालवावे. आवाज गेला तर दोष अल्टरनेटर, पाण्याचा पंप किंवा पुलीत आहे. पाण्याचा पंपही थांबलेला असतो, म्हणून जास्त वेळ चालवू नये.

३) एक्झॉस्टची गळती. मॅनिफोल्डचे गॅस्केट फुटले की हुबेहूब टॅपेटसारखी टिकटिक येते. पण हा आवाज बहुधा थंड इंजिनात जास्त असतो. धातू गरम होऊन फुगला की फट बुजते आणि आवाज कमी होतो. शिवाय जोडावर काजळीचा काळा डाग दिसतो. रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे जोडाजवळ फिरवले की हवा सुटल्याचा फटफट आवाज नेमका सापडतो. नोझलखालचा तांब्याचा वॉशर गळत असेल तर तोही असाच ओळखता येतो.

४) धातूचा आवाज. यासाठी लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यावा. टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून एकेका सिलिंडरची तुलना करावी. आवाज लोखंडातून लांबवर पसरतो. म्हणून एका जागी ऐकून निकाल देऊ नये. सहाही ठिकाणी ऐकावे.

५) सिलिंडर तोडून पाहणे. जुन्या पद्धतीच्या पंपाच्या इंजिनात आयडलवर एकेका नोझलच्या पाइपाचा नट थोडा सैल करतात. त्या सिलिंडरचे डिझेल तुटते आणि त्यात जळण होत नाही. आवाज बदलला तर दोष जळणाशी किंवा भाराशी संबंधित आहे, म्हणजे नोझल, पिस्टन पिन, कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग किंवा गळती. आवाज जराही बदलला नाही तर संशय व्हॉल्व्हच्या यंत्रणेवर येतो, कारण डिझेल मिळो न मिळो, टॅपेट आपले काम करतच राहतो.

येथे एक कडक इशारा. नटावर जाड कापड, डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे असावेत. दाबाने सुटलेली डिझेलची धार कातडीतून आत शिरते. जखम सुईएवढी दिसली तरी ताबडतोब इस्पितळ गाठावे. कॉमन रेलच्या इंजिनात तर हा प्रयोग कधीही करू नये, कारण तिथला दाब हजार बारच्याही वर जातो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले. अशा नव्या गाड्यांत सिलिंडर तोडण्याची तपासणी स्कॅनर जोडून होते. तीच करवून घ्यावी.

चोर कुठे सापडला?

आमच्या गाडीत सहाही नट सैल करून झाले. आवाज तसूभर बदलला नाही. म्हणजे दुसऱ्या मिस्त्रीने बदललेली नोझले निर्दोष होती, आणि तिसऱ्याने सांगितलेले इंजिन खोलण्याचेही कारण उरले नाही.

मग उस्तादांनी रॉकरचे कव्हर काढले. इंजिन आयडलवर ठेवून ते फिलर गेजची पाती एकेका रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये सरकवू लागले. चौथ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर पाती जाताच टिकटिक दबली. पाती काढली, पुन्हा सुरू. चोर सापडला.

पण पहिल्या मिस्त्रीने टॅपेट बांधले होते ना? बांधले होते, आणि गेजनेच बांधले होते. इंजिन बंद करून उस्तादांनी तो रॉकर उतरवला आणि माझ्या हातावर ठेवला. व्हॉल्व्हवर आपटणाऱ्या तोंडाला घासून खळगा पडला होता. सपाट पाती त्या खळग्याच्या दोन्ही कडांवर टेकते आणि माप बरोबर दाखवते. व्हॉल्व्हचा दांडा मात्र खळग्याच्या आत असतो, म्हणून खरी फट जास्त राहते. गज वाकडा असेल तर कापड कितीही नीट मोजा, माप खोटेच येणार.

पुष्कळ लोक अशा वेळी आवाज थांबवण्यासाठी टॅपेट गरजेपेक्षा घट्ट आवळतात. ही मोठी चूक आहे. सैल टॅपेट वाजतो, घट्ट टॅपेट गुपचूप मारतो. व्हॉल्व्ह पूर्ण बसला नाही तर त्याची उष्णता सीटमधून निघून जात नाही आणि तो जळतो. म्हणून फट कंपनीच्या पुस्तकात दिली असेल तेवढीच ठेवावी. इंजिन थंड की गरम असताना मोजायचे, तेही तिथेच दिलेले असते. अनेक इंजिनांत एक्झॉस्टची फट इनलेटपेक्षा जास्त असते. १-५-३-६-२-४ या क्रमाने जळणाऱ्या इंजिनात १ आणि ६, २ आणि ५, ३ आणि ४ या जोड्या असतात. सहाव्याचे दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र हलू लागले की पहिल्याचे टॅपेट बांधावेत. बाकीच्या जोड्यांनाही हाच नियम.

खळगा का पडला?

मी समजलो, आता काम संपले. उस्तादांनी रॉकरचे तेलाचे भोक तारेने टोचले. आतून काळा, घट्ट गाळ निघाला. त्या रॉकरला महिनोन् महिने पुरते तेल मिळत नव्हते. त्यांनी विचारले, "तेल कधी बदललं होतं?"

मी चाचांकडे पाहिले. ते खाली पाहत होते. क्लीनर पटकन बोलून गेला, "चाचांनी दोनदा सांगितलं होतं. शेठ म्हणाले, अजून दोन खेपा होऊ द्या."

खरे होते. मीच म्हणालो होतो. तेलाचे पैसे वाचवले ते मी आणि भत्ता कापला चाचांचा. मी तिथेच, क्लीनर आणि उस्तादांच्या समोर चाचांची माफी मागितली आणि दोन महिन्यांचा भत्ता त्याच दिवशी दिला. नवीन रॉकर बसवला, तेलाची वाट साफ केली, तेल आणि फिल्टर बदलले. या सगळ्याला आधी झालेल्या खर्चाचा दहावा हिस्साही लागला नाही.

ध्यानात ठेवण्यासारखे

एका वेळी एकच वस्तू बदलावी, म्हणजे फरक कशाने पडला ते कळते. बदललेला जुना भाग मिस्त्रीकडून मागून घ्यावा आणि डोळ्यांनी पाहावा. गाडीची एक वही ठेवावी. तीत तेल, फिल्टर आणि टॅपेटची तारीख आणि किलोमीटर लिहावेत. आपण उधारीचा हिसाब पैशा-पैशाने लिहितो, तर ज्या इंजिनावर धंदा चालतो त्याचाही लिहावा. आणि ड्रायव्हरने आवाजाबद्दल सांगितले तर पहिल्या दिवशीच ऐकावे. तो रोज त्या इंजिनाजवळ बसतो, आपण गादीवर बसतो.

आमच्या गाडीची वही त्याच दिवशी सुरू झाली. पहिले पान चाचांनी स्वतःच्या हाताने लिहिले. तेल बदलण्याची तारीख त्यानंतर मी कधी पुढे ढकलली नाही.