शस्त्रक्रियेपूर्वीचा आकडा

आमच्या थोरल्या बंधूंच्या मोठ्या आतड्यातील कर्करोगाची गाठ काढल्यानंतर दर तीन महिन्यांनी रक्तातील 'सीईए' हे कर्करोगाची चाहूल देणारे प्रथिन तपासण्याचा जो क्रम डॉक्टरांनी मुक्रर करून दिला, तो आम्ही नेमाने पाळला, आणि दोनच्या आसपास रेंगाळणारा आकडा पाहून घरातील मंडळी दर खेपेस निर्धास्त होत गेली. पुढे ठरल्याप्रमाणे सीटी स्कॅन झाला, तेव्हा यकृतात एक डाग दिसला. त्याच आठवड्यातील सीईए होता २.१. ज्या सर्जनांकडे आम्ही धाव घेतली, त्यांनी बंधूंचे सारे दप्तर चाळून एवढेच विचारले, "ऑपरेशनच्या आधीचा सीईए कुठे आहे?" तो कुठेच नव्हता; जेथे पहिली शस्त्रक्रिया झाली, तेथे तो तपासलाच गेला नव्हता. डाग एकटाच होता आणि वेळीच सापडला, म्हणून तो काढता आला.

सीईए हे प्रथिन माँट्रियल येथील फिल गोल्ड व सॅम्युएल फ्रीडमन यांनी १९६५ साली शोधले. परंतु आतड्यातील प्रत्येक गाठ ते रक्तात सोडतेच असे नाही. शस्त्रक्रियेपूर्वी वाढलेला आकडा नंतरच्या चार ते सहा आठवड्यांत खाली आला, तर तोच पुढे विश्वासू पहारेकरी ठरतो. मुळातच तो वाढलेला नसेल, तर नंतरच्या 'नॉर्मल' शेऱ्याची साक्ष फार तोकडी पडते. म्हणून ज्यांच्या घरी अद्याप शस्त्रक्रिया व्हायची आहे, त्यांनी भरती होण्याच्या दिवशीच ही तपासणी आग्रहाने मागून घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पूर्वीचा आकडा नोंदलेला असला, तरी मिलिलिटरमागे ५ नॅनोग्रॅम ही मर्यादा धरता रोग उलटलेल्यांपैकी सुमारे ७० टक्केच या चाचणीच्या जाळ्यात सापडतात; तेव्हा अहवाल चांगला आला या सबबीवर सीटी अथवा कोलोनोस्कोपी पुढे ढकलू नये.

याउलट, आकडा किंचित चढला म्हणून हाय खाण्याचेही कारण नाही. धूम्रपान, यकृताचे विकार, आतड्याची सूज, किंबहुना चालू केमोथेरपीदेखील तो वाढवू शकते. शिवाय निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या पद्धती भिन्न असल्याने एकीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहणे व्यर्थ होय. प्रयोगशाळा एकच ठेवावी आणि प्रत्येक अहवाल तारीखवार एका वहीत उतरवावा; पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, व नंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, असा सर्वसाधारण रिवाज आहे.

रक्तात तरंगणारे गाठीच्या डीएनएचे अंश शोधणारी नवी चाचणी अधिक सूक्ष्म आहे. ऑस्ट्रेलियात दुसऱ्या टप्प्याच्या रुग्णांवर झालेल्या व २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिच्या आधारे केमोथेरपी घेणाऱ्यांचे प्रमाण २८ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले, आणि तरीही दोन वर्षांनंतर रोगमुक्त राहण्याच्या प्रमाणात उणेपणा आला नाही. ती महाग आहे, आणि तीही निर्दोष नाही. तथापि डॉक्टरांशी तिची चर्चा अवश्य करावी.

सीईए चढलाच, तर तो काही आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा करून घ्यावा, आणि चढ कायम राहिल्यास छाती, पोट व ओटीपोट यांचा सीटी विनाविलंब करावा; केवळ आकड्यावरून केमोथेरपी सुरू करण्याचे कोणी सुचविल्यास रोग नेमका कोठे दिसला, हे चित्रावर दाखविण्यास सांगावे.